देवाला लावलेलं दावं

भादव्यात सोलापूरला एक चिकट उकाडा असतो. पाऊस येऊन जातो, पण आल्यासारखा वाटत नाही. अशाच एका संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमननं डास पळवायला कडुलिंबाचा ओला पाला पेटवला. धूर वर स्वयंपाकघरात आला आणि मी दुधाखालचा गॅस बंद करून नुसतीच उभी राहिले. "अगं खिडकी लाव की, सगळं घर भरलं," नवरा बाहेरून ओरडला. त्याचा जन्म सोलापुरातला. त्याला हा धूर म्हणजे डासांचा धूर. मला त्यात अजून अंगभर गाठी आलेली जनावरं दिसतात.

योगायोग बघा, दुसऱ्याच दिवशी शेवंताकाकीचा फोन. शेवंताकाकी माझी सख्खी चुलती. काका जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा चाकणला कंपनीत, आणि ती एकटी टेंभुर्णीच्या हायवेपासून आत, आमच्या गावात, एका गाईच्या जिवावर राहते. "लंपी परत आलाय बघ," ती म्हणाली. "खालच्या वस्तीवर जनावरं तापलीत. बाजार बंद केलाय. आईतवारी लस टोचायला येनार हायत. येतीस का? तुझी आपली सोबत."

काकीनं सोबत मागावी? जिनं नवऱ्याच्या मागं औत धरलं, विहिरीत उतरून मोटरीचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह, काढला, जिच्याबद्दल आमच्या घरात सगळे म्हणायचे की सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, तिनं? मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मला तिकडं जायचीच भीती वाटते आहे.

लंपी पहिल्यांदा आला त्या भादव्यात मी गौरी-गणपतीला गावात गेले आणि महिनाभर काकीकडंच राहिले. आमचं गाव अडाणी आहे असं कुणी समजू नये, हे आधीच सांगते. रोगाचं नाव टीव्हीवर यायच्या आत लोक सावध झाले होते. माणसांच्या मच्छरदाण्या गोठ्यात गेल्या आणि पोरं डास मारत झोपली. दिवस मावळला की घरोघर लिंबाचा धूर. विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गूळ कुटून त्याचे गोळे गाईंच्या जबड्यात सारायचे. एकमेकांच्या गोठ्यात पाऊल टाकणं बंद. ताक मागायला आलेली बाईसुद्धा रस्त्यावरूनच हाक मारायची आणि तांब्या मध्ये दगडावर ठेवून मागं सरायची. ज्यांनी स्वतःच्या तापाला कधी गोळी घेतली नाही, ते गडी गाईच्या तापाला मोटरसायकलवर डॉक्टर बसवून आणत होते. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं ते बघून. वाटायचं, जनावरावर एवढी माया करणारी माणसं जगात दुसरीकडं कुठं असतील!

असू देत. माया कुठं संपते ते मी त्याच भादव्यात बघितलं.

या सगळ्या शहाणपणातून एक जनावर तेवढं सुटलं होतं. महादेवाचा वळू. आमच्या भावकीतले आबा देवळाच्या कमिटीचे प्रमुख. त्यांनी आपल्या गाईला झालेला खोंड नवस फेडायला देवाच्या नावानं सोडला होता. एकदा सोडला की त्याला वेसण नाही, दावं नाही, औत नाही आणि मालकही नाही. कोसा, म्हणजे करड्या रंगाचा खिलार, मागं वळलेली शिंगं, चालला की वशिंड डुलायचं. तो कुणाच्याही उभ्या पिकात शिरला तरी काठी उगारायची नाही. हात जोडायचे आणि म्हणायचं, "देवा, सरा की जरा." जे गडी बायकोला उभ्या जन्मात नीट हाक मारत नाहीत, ते त्याला अहो-जाहो करायचे.

दुपारच्याला तो काकीच्या दाराशी यायचा. पुढच्या बुटक्या भिंतीवरून मान आत टाकायचा आणि फुस्स करून श्वास सोडायचा. काकी ताकात भाकरी कुस्करून पाटी पुढं करायची आणि तो खात असताना त्याच्या गळ्याखालची लोंबती कातडी खाजवत बसायची. "आलास व्हय रं? लई फिरून आलास? सगळ्या गावाचा जावई तू, कुटं काय मिळालं सांग की." तो डोळे अर्धे मिटायचा. गावात त्याच्या पाया पडणारे ढीगभर होते. त्याला खाजवणारी ही एकटीच होती.

गावातल्या जनावरांच्या दवाखान्यापुढं एक लोखंडी खोडा आहे, जनावर उभं करायचा सापळा. त्या वर्षी लस टोचणारे तिथं आले तेव्हा सगळं गाव आपापली गाय, म्हैस, कालवड घेऊन रांगेत उभं होतं. एकेक जनावर खोड्यात घालायचं, सुई द्यायची, कानातल्या बिल्ल्याचा नंबर बघायचा, पुढचं घ्यायचं. एवढ्यात वळू रमतगमत आला आणि कुणाच्या तरी पाटीतली पेंड खाऊ लागला.

"हा कुणाचा?" सुई हातात घेतलेल्यानं विचारलं.

"देवाचा," सगळे एका आवाजात म्हणाले.

"कानात बिल्ला नाही. मालक कोण?"

"महादेव की!"

हशा पिकला. तो माणूसही हसला आणि म्हणाला, "मग महादेवाला बोलवा, जनावर धरायला." यावर मात्र कुणी हसलं नाही. आबा गंभीर होऊन म्हणाले, "सायेब, देवाच्या जनावराला रोग लागत नसतो." सायबाला अजून दोन गावं उरकायची होती. त्यानं पुढची गाय घेतली. वळू पेंड संपवून, जीभ नाकपुडीत फिरवत, दुसऱ्या गल्लीतल्या गोठ्याकडं चालता झाला.

थोड्याच दिवसांत तो तापला. तोंडातून लाळ, पुढचे पाय सुजलेले, आणि कोशा कातडीखाली कुणी हरभरे पेरल्यासारख्या गाठी. तो देवळापुढच्या पिंपळाखाली येऊन उभा राहिला आणि हलेना. आता कुणीतरी डॉक्टरला फोन करील असं मला वाटलं. छे! लोकांनी हार आणला. बायकांनी पायांवर पाणी घातलं, कपाळाला विभूती लावली. कोण आधी बोललं माहीत नाही, पण संध्याकाळपर्यंत पोराटोरांच्या तोंडी एकच वाक्य होतं: देवानं गावाची पीडा अंगावर घेतली.

आणि एकदा हे म्हटलं की पुढचं आपोआप आलं. त्यानं पीडा घेतलीय, तर ती उतरवायची कशी? औषध देऊन त्याला बरं केलं तर पीडा जाणार कुठं? परत आपल्याच गोठ्यात की! झालं. ज्यांनी आपल्या गाईसाठी मोटरसायकली पिदडल्या तेच हात जोडून उभे राहिले आणि त्याला मरताना बघू लागले. काय म्हणावं या अकलेला? अडाणीपणा म्हणता येत नाही. अडाणी माणसाला एवढं सोयीचं सुचत नाही.

काकी रोज जाऊन बघून यायची. एका सकाळी परत आली ती तणतणतच. "कानामागं जखम झालीया त्याच्या. किडं वळवळत्यात. आन् ही लोकं वरनं फुलं टाकत्यात, फुलं!" तिनं खुंटीवरचं दावं घेतलं, भाकरीचा तुकडा घेतला आणि गेली. वळू तिच्या हातामागं लंगडत आला. आपल्या चंद्रीपासून, म्हणजे गाभण गाईपासून, लांब, परसातल्या बाभळीला तिनं त्याला बांधलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या गळ्यात दावं पडलं. तो हिसका देईल म्हणून मी मागं सरले होते. तो नुसता उभा राहिला.

डॉक्टरला तिनंच फोन केला. तो आला, इंजेक्शनं दिली, जखम कशी धुवायची ते दाखवून गेला. लिंबाची पानं उकळलेल्या कोमट पाण्यानं ती धुवायची, मग टर्पेंटाईनचा बोळा, मग चिमट्यानं एकेक किडा. मी वाटी धरायची. तो वास अजून माझ्या नाकात आहे. सडक्या मांसाचा, टर्पेंटाईनचा आणि त्यावर लिंबाच्या धुराचा. मला उमळायचं. काकी मात्र त्याच्याशी बोलत असायची, "थांब जरा, थांब माझ्या राजा, हितं येक ऱ्हायलाय, दांडगा हाय बघ." तिनं पाजलेली कण्यांची पेज तो प्यायला लागला. मग एके दिवशी त्यानं समोर टाकलेल्या मक्याच्या वैरणीला तोंड लावलं. काकी मटकन खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत हसली. त्या भादव्यातलं मला आठवणारं ते शेवटचं हसू.

भर दुपारी आबा माणसं घेऊन आले.

"वहिनी, काय मांडलंय ह्ये?"

"किडं काढतीया. या की, तुमी चिमटा धरा, मी पानी वतते."

"देवाला दावं लावलं तुमी."

"जनावराला लावलंय. देव देवळात हाय. तितं मी दावं घिऊन गेले व्हय?"

"त्यानं गावाची पीडा घेतलीया. मधी पडू नगा. उद्या गावातली जनावरं मेली तर कोन जिम्मेदार?"

"आन् ह्यो मेला तर?"

"ह्यो मोक्षाला जाईल," आबा म्हणाले.

काकीनं चिमटा खाली ठेवला. "मग परवा तुमच्या गायीला कशाला डॉक्टर आनला? तिला नगं व्हय मोक्ष?"

मागं उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसू नडलं. खरंच सांगते, नुसता वाद झाला असता तर आबा कदाचित ऐकून परत गेले असते. चारचौघांत बाईनं केलेली थट्टा त्यांना पचली नाही. त्यांनी स्वतः पुढं होऊन बाभळीचं दावं सोडलं. वळू जागचा हलेना. त्याला काकीची पेज माहीत झाली होती. मग सगळ्यांनी मिळून त्याला ओढत नेलं. कशानं? त्याच दाव्यानं. ज्या दाव्यापायी देवाचा अपमान झाला होता तेच गळ्यात आवळून महादेवाच्या गजरात ते त्याला गल्लीनं फरफटत घेऊन गेले, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

तो पिंपळाखाली मेला. हलगी वाजली, गुलाल उधळला, दवाखान्याशेजारच्या मोकळ्या जागेत खड्डा खणून त्याला पुरलं. पीडा गेली का? कशाची जातेय! माश्या होत्याच, गोचिडं होतीच. लस अंगात भिनायच्या आतच गावातली आणखी जनावरं तापली. पण आता लोकांकडं उत्तर होतं. देव पीडा घेत होता, शेवंतानं त्याला दावं लावून पीडा अर्ध्यात मोडली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे.

आणि मग चंद्री आजारी पडली. व्याली, कालवड झाली, पण ती स्वतः उठलीच नाही. काकीनं केलं नाही असं काही उरलं नव्हतं. गाय मेली की एकट्या माणसाला काय करता येतं? तिला हलवायला माणसं लागतात. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बिघडला, दुसऱ्याचा ड्रायव्हर नव्हता, तिसऱ्यानं दारच उघडलं नाही. चंद्री सबंध दिवस गोठ्यात पडून होती आणि काकी कावळे हाकत बसली होती. शेवटी चाकणहून पोरगा आला, त्यानं टेंभुर्णीहून जेसीबी आणला. मागं राहिलेल्या कालवडीला पाजायला गावात कुणी वाटीभर दूध दिलं नाही. माळावर मेंढरं घेऊन उतरलेल्या धनगरांच्या वाड्यावर जाऊन काकी शेळीचं दूध आणायची. त्यांनी कधी विचारलं नाही की बाई, तू कुणाला दावं लावलंस.

मी सोलापूरला परत आले. काकी पुढची तीन वर्षं माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. मधूनमधून गावाकडच्या ग्रुपवर फोटो यायचे. आधी चौथरा, मग फरशी, मग घुमट, मग स्टीलचं रेलिंग. मेल्या म्हशीला मणभर दूध! "नंदीमहाराज समाधी" असं वर लिहिलंय आणि खाली वर्गणी देणाऱ्यांची नावं. शेजारी दवाखाना आहे. डॉक्टरकडं इतकी गावं की त्याची फेरी असेल त्या दिवशी दार उघडतं, एरवी कुलूप. छताचे पत्रे गळतात. समाधीला मात्र सांजवात चुकत नाही, आणि कुणाची गाय आटली, कुणाची उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की लोक तिथला अंगारा घेऊन जातात. जो स्वतः कानामागच्या किड्यांनी मेला, तो आता गावातली जनावरं बरी करतो.

तर त्या रविवारी मी सकाळीच गावात पोचले. काकी वाळली आहे. चंद्रीच्या त्या कालवडीची आता गाय झालीय, तिचं नाव सोनी. ती आईवर गेली आहे, तोंडही तसंच लांबट. काकी तिला आंघोळ घालत होती. एवढ्यात बुटक्या भिंतीवरून एक मान आत आली, फुस्स करून. तोच कोसा रंग, तीच मागं वळू लागलेली शिंगं. "आबांनी नवा सोडलाय," काकी म्हणाली. तिनं अख्खी भाकरी घेतली आणि लांबूनच त्याच्यापुढं टाकली. त्यानं भाकरी खाल्ली आणि मान तशीच वर धरून उभा राहिला. काकीनं हात लावला नाही. बादली उचलून ती आत गेली.

"याला लस?" मी विचारलं.

ती चुलीपुढं बसून, विस्तवाकडं बघत म्हणाली, "येकदा गावाशी भांडले, तवा चंद्री गेली. हिला ठेवायचीया मला. उद्या ही पडली तर उचलाय कोन येनार हाय? तू सोलापुरात, पोरगा चाकनात." मग म्हणाली, "कवळं हाय गं त्ये. अजून दात बी न्हाय लावला त्यानं." दात लावणं म्हणजे दुधाचे पडून नवे येणं. म्हणजे तिनं जवळ जाऊन बघितलं होतं तर.

निघताना तिनं खुंटीवरचं दावं घेतलं. एक सोनीच्या गळ्यात होतंच. हे दुसरं तिनं गोल गुंडाळून पदराखाली धरलं. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. वाटेत मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, लाव काकी, लाव. या वेळी मी आहे.

खोड्यापुढं रांग लागली होती. समाधीच्या फरशीवर सावली पडते म्हणून बाया तिथं टेकल्या होत्या. आबा रेलिंगला धरून उभे. तेही थकलेत, पण सगळे त्यांच्याकडं बघूनच बोलतात. सोनीचा नंबर आला, सुई झाली, बिल्ला बघितला. काकी तिला घेऊन बाजूला झाली. आणि तेवढ्यात तो आला. गर्दीतून वाट काढत, अंगावरच्या माश्या शेपटीनं हाकत, सरळ काकीकडं. तिच्या खांद्याशी येऊन थांबला आणि मान वर केली.

लस देणारी या वेळी एक तरुण मुलगी होती. तिनं सुई भरली, त्याच्या कानाकडं पाहिलं आणि काकीलाच विचारलं, "मावशी, हा पण तुमचाच का? धरता का जरा?"

कुणीही "देवाचा" म्हटलं नाही. सगळे काकीकडं बघत होते, आबासुद्धा. काकीचा पदराखालचा हात हलला. दाव्याचं टोक बाहेर आलेलं मला दिसलं. वळू मान वर करून तसाच उभा होता. मी पुढं होणार तोच तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

मग तिनं आबांकडं पाहिलं, सोनीकडं पाहिलं, आणि दावं पदरात आत ओढून घेतलं.

"देवाचा हाय," काकी म्हणाली. "पुढचं घ्या, बाय."